हायड्रासिंथ, ऑपसिक्स की रीफेस डीएक्स? अकरा महिने वापरल्यावर

मी नाटकांना पार्श्वसंगीत देतो, आणि रेकॉर्ड न लावता विंगेत बसून वाजवतो. बोटं पेटीवर तयार झाली, सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं पट्ट्यांचं वाद्य) नंतर आला. यामाहाचा रीफेस डीएक्स सहा वर्षांपासून आहे. अकरा महिन्यांपूर्वी एएसएमचा हायड्रासिंथ एक्सप्लोरर घेतला. त्याच सुमारास एक मित्र परदेशी जाताना त्याचा कॉर्ग ऑपसिक्स माझ्याकडे ठेवून गेला. त्यामुळे तिन्ही एकाच टेबलावर मांडून, तेच काम तिघांवर करून बघता आलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ढोलकी, बासरी, सनई असे तयार आवाज हवे असतील तर यातला एकही घेऊ नका. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना रोलँड एक्सपीएस-१० सारखा, भारतीय वाद्यांचे सँपल (ध्वनिमुद्रित आवाज) असलेला कीबोर्डच उपयोगी पडतो. हे तिन्ही सिंथ आवाज घडवण्यासाठी आहेत, आणि ज्याला घडवायला आवडतं त्यानेच पुढे वाचावं.

एका एकांकिकेच्या शेवटच्या प्रवेशाला देवळातली घंटा हवी होती. दिग्दर्शक म्हणाला, "खरी घंटा नको, लांबून आठवावी तशी हवी." एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतीत हे छान जमतं. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांच्या हाती ही पद्धत लागली: एका ऑसिलेटरने, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या भागाने, दुसऱ्याची फ्रीक्वेन्सी (कंपनसंख्या) वेगाने हलवायची, म्हणजे नवे उपस्वर तयार होतात. दोघांचं प्रमाण पूर्णांकात असेल तर आवाज गोड, वाद्यासारखा येतो. १ ला १.४ असं तिरपं प्रमाण धरलं की उपस्वर स्वराच्या नेहमीच्या ओळीत बसत नाहीत आणि धातूचा नाद घुमायला लागतो. मग हलवणाऱ्या ऑसिलेटरची पातळी मूळ स्वराच्या आधी उतरू द्यायची. टोल पडतो तेव्हा आवाज झगझगीत असतो, मग नुसतं गुंजन उरतं. घंटेजवळ उभं राहून ऐका, नेमकं असंच होतं.

रीफेसवर यातला पहिला भाग, म्हणजे प्रमाण बसवणं, अर्ध्या मिनिटात झाला. त्यात ४ ऑपरेटर (एफएममधल्या ऑसिलेटरचं नाव) आणि बोट फिरवायचे ४ स्लायडर आहेत, एका ऑपरेटरला एक. फ्रीक्वेन्सीचं बटण दाबा, स्लायडरवर बोट सरकवा, झालं. १९८३ च्या डीएक्स७ वर हेच काम १६ अक्षरांच्या दोन ओळींच्या पडद्यावर आणि एकाच स्लायडरने करावं लागायचं, म्हणून बहुतेक जण त्यातले तयार आवाजच वाजवत राहिले. त्या मानाने रीफेस फार मायाळू आहे, एफएम मला त्यानेच शिकवलं. पण एन्व्हलप (पातळी कशी चढते-उतरते ते ठरवणारा भाग) मेनूच्या आत आहे, एकेका ऑपरेटरचा वेगळा, आणि तालमीत चौघं थांबलेले असताना तिथे शिरायला नको वाटतं. शिवाय आवाज साठवायला जागा फक्त ३२. तीन नाटकं एकदम चालू असली की पुरत नाहीत.

ऑपसिक्सवर तीच घंटा जिवंत झाली. ६ ऑपरेटर, त्यांच्या पातळीचे ६ स्लायडर, प्रमाणाचे ६ नॉब, सगळं समोर उघडं. ऐकू येणारे ऑपरेटर कोणते आणि त्यांना हलवणारे कोणते, हे दिव्यांच्या रंगावरून कळतं. विंगेतल्या अंधारात याची किंमत फार आहे. शेवटच्या प्रवेशात नटाने पाठ फिरवली की मी हलवणाऱ्या ऑपरेटरचा स्लायडर हळूहळू खाली घ्यायचो आणि घंटा दूर दूर जायची. प्रत्येक प्रयोगात त्याच्या चालीप्रमाणे. ऑपरेटरला एफएमऐवजी फिल्टरचं (उपस्वर गाळण्याचं) किंवा रिंग मॉड्युलेशनचं (दोन आवाज एकमेकांनी गुणण्याचं) कामही देता येतं, त्यामुळे तो नुसता एफएम सिंथ राहत नाही. वाजवायच्या पट्ट्याही पूर्ण आकाराच्या. उणीव एकच, पण माझ्यासाठी मोठी: आफ्टरटच, म्हणजे दाबलेल्या पट्टीवरचा पुढचा दाब ओळखणं, नाही. स्वर दाबला की दाबला, पुढे त्या बोटाने काही करता येत नाही.

हायड्रासिंथचा कागद वाचून मी घाबरलो होतो. ३ ऑसिलेटर, ४ म्युटेटर (ऑसिलेटरचा आवाज बदलणारे भाग), २ फिल्टर, ५ एन्व्हलप, ५ एलएफओ (आवाज संथपणे डोलवणारे ऑसिलेटर) आणि कशानेही काहीही हलवायला मॅट्रिक्समध्ये ३२ जागा. पण पॅनेलवर आवाजाचा सगळा रस्ता छापलेला आहे आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःचं बटण आहे. फिल्टरवर जायचंय तर फिल्टरचं बटण दाबायचं, पडद्यावर त्याचंच पान येतं. पंधरा दिवसांत माहितीपुस्तक बंद झालं. सोपेपणा म्हणजे कमी नॉब असं मी इतकी वर्षं समजत होतो. खरं तर आपण कुठे आहोत ते एका नजरेत कळणं आणि एका बोटात परत फिरता येणं, हा सोपेपणा.

आणि त्याच्या पट्ट्या! त्या लहान आहेत, पण प्रत्येक पट्टी आपला दाब वेगळा ओळखते. पेटीवाल्यांना पटकन समजेल असं सांगतो: पेटीला एक भाता, तो सगळ्या स्वरांना सारखाच. इथे प्रत्येक बोटाला स्वतःचा भाता आहे. मी दाबाला पिच (स्वराची उंची) जोडला, अगदी थोडा आणि उलट दिशेने, म्हणजे दाबलं की स्वर किंचित उतरतो, सैल केलं की परत चढतो. डाव्या हाताने सा-प धरून ठेवले आणि उजव्या हाताने दरबारीचा कोमल गंधार. तो आंदोलत राहिला, सा-प जागचे हलले नाहीत. पट्ट्यांच्या वाद्यावर आपल्याला हे कधी मिळालंच नव्हतं. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत नुसता गंधार वाजवत बसलो होतो.

इफेक्ट्स तिघांचे कामापुरते चांगले आहेत, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं नाही.

विजेचं मात्र लिहायला हवं. तालुक्याच्या गावी प्रयोग चालू असताना लाइट गेली. ऑपसिक्स अडॉप्टरवरच चालतो, तो बंद पडला आणि पूर्ण प्रवेश कोरडा गेला. एक्सप्लोरर ८ पेन्सिल सेलवर चालतो, रीफेस ६ वर. तेव्हापासून दौऱ्यावर एक्सप्लोररच नेतो, पहिल्यापासून सेलवर, आणि जास्तीचे ८ खिशात.

एकच घ्यायचा असेल आणि बोटं पेटीची असतील तर हायड्रासिंथ घ्या. घरी बसून नवे आवाज शोधायचे असतील, एफएमची ओढ असेल, तर ऑपसिक्स. रीफेस नवशिक्याला मी आजही देईन, फक्त त्याच्याही पट्ट्या लहान आहेत, हाताला मोठ्या पट्ट्यांची सवय असेल तर आधी दुकानात वाजवून बघा.

मित्र पुढच्या महिन्यात परत येतोय, ऑपसिक्स त्याच्याकडे जाईल. घंटेचे सगळे आकडे वहीत उतरवून घेतले आहेत. रीफेसच्या चार ऑपरेटरांत ती कितपत उतरते ते येत्या रविवारच्या तालमीत कळेल.