मोदिका: बरोक चढणी आणि कुरकुरीत चॉकलेट
इटलीच्या सिसिली बेटावरील मोदिका हे डोंगरउतारावरचे शहर 1693च्या भूकंपानंतर पुन्हा बांधले गेले, आणि त्या बरोक (भरपूर नक्षीकामाची, भव्य युरोपीय वास्तुशैली) पुनर्रचनेसाठीच 2002 साली परिसरातील आणखी सात नगरांसह त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सान जॉर्जो चर्चच्या लांबलचक पायऱ्या सकाळीच चढाव्यात.

खरी श्रीमंती मात्र खाण्यात आहे. 1880 पासून चालत आलेल्या बोनायुतो या दुकानातील चॉकलेट मंद उष्णतेवर, वरून कोकोचे लोणी न घालता केले जाते, त्यामुळे साखर विरघळत नाही आणि तिचे कण दाताखाली कुरकुरतात. गुळगुळीत चॉकलेटला सरावलेल्यांना ते प्रथम कच्चे वाटेल, तरी दालचिनीचे अवश्य घ्यावे. करंजीसारख्या दिसणाऱ्या ‘इम्पानातिग्गी’त बदाम व चॉकलेटबरोबर गोमांसही असते, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे (नुसते पाहून शंकाही येत नाही). त्यांच्यासाठी टोमॅटो-कांदा भरून घड्या घातलेली, भट्टीत भाजलेली ‘स्काच्चा’ ही पातळ रोटी उत्तम. ती बेकरीतून गरम घेऊन उभ्याउभ्याच खावी, कारण उपाहारगृहात टेबलावर बसल्यास बिलात बहुधा माणशी वेगळा आकार लागतो.