अर्धा किलो पिठाचा चारशे ग्रॅमचा लोफ

घरी भाजलेले ब्रेड आणि रोल्स विकणाऱ्या एका बाईंनी मला आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींना कारखान्यातला माल घरचा म्हणून विकला, तोही आगाऊ पैसे घेऊन. त्यांचं नाव इथे देत नाही. एक तर पैशांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे नाव देऊन फारसा उपयोगही नाही. नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. त्यांनी मध्यंतरी एकदा बदललंही होतं. पद्धत तीच राहते, म्हणून ती सविस्तर सांगते.

नंबर एका मैत्रिणीकडून मिळाला. बाई बोलायला अगदी मोकळ्या. साध्या यीस्टचं पाकीट मी घरात आणत नाही, स्टार्टर, म्हणजे ब्रेडचं विरजण, माझा स्वतःचा, पीठ शंभर टक्के गव्हाचं, रात्रभर आंबवते, पहाटे उठून भाजते. भाव दुकानातल्या ब्रेडच्या कितीतरी वर होता, त्याचंही उत्तर तयार होतं: "ताई, एका लोफला अर्धा किलो पीठ जातं. तुम्हीच हिशोब करा." पैसे महिन्याचे आगाऊ, कारण सामान आधी भरावं लागतं. यात खटकण्यासारखं काही नव्हतं. छोटा घरगुती उद्योग असाच चालतो, आणि प्रामाणिक लोकही आगाऊ घेतात.

माल यायचा तो गरम. पिशवी उघडली की घरभर ताज्या ब्रेडचा वास. आम्ही सगळ्या भाळलो त्या वासावर, आणि फसवणुकीची खरी मेख तिथेच होती. कारखान्यात रोल्स साधारण तीन चतुर्थांश भाजतात, म्हणजे आतला भाग पक्का होतो पण वरचा पापुद्रा पांढुरकाच राहतो. मग ते गोठवून उणे 18 अंशांवर ठेवतात. विकत घेणाऱ्याने फक्त शेवटची दहा-बारा मिनिटं ओव्हनमध्ये भाजायचे. खमंग वास आणि तांबूस रंग याच शेवटच्या भाजण्यात येतात. म्हणजे बाई पहाटे उठून ओव्हन लावत होत्या हे खरंच होतं. वास अस्सल होता, पण त्यामागची रात्र त्यांच्या स्वयंपाकघरातली नव्हती. मोठ्या हॉटेलांत आणि दुकानांत असा माल सर्रास वापरतात आणि त्यात गैर काही नाही. तो माल काय आहे ते लपवून, रात्रभर राबल्याची मजुरी लावणं, हे गैर.

पहिली गोष्ट खटकली ती रोल्सच्या बुडाची. उलटा केला की बारीक ठिपक्यांची रांगेत बसलेली नक्षी दिसायची, जाळीदार ट्रेवर भाजलं की उमटते तशी. आता असे ट्रे घरी वापरायलाही मिळतात, त्यामुळे एवढ्यावरून कुणावर आळ घेऊ नका. पण वरचा काप? भाजण्याआधी ब्लेडने ब्रेडवर जी चीर देतात ती हाताने दिली की प्रत्येक वेळी थोडी वेगळी पडते: कुठे खोल, कुठे तिरकी, कुठे फाटून कान वर आलेला. इथे प्रत्येक रोलवर एकाच जागी, एकाच लांबीची चीर. बाईंचा हात चांगला बसलाय असं एक मैत्रीण कौतुकाने म्हणालीसुद्धा.

दुसरी गोष्ट हवामानाची. यीस्ट जिवंत असतं, पीठ फुगण्याचा वेग तापमानावर ठरतो. थंडीत तेच पीठ दुप्पट वेळ घेतं, उकाड्यात बघता बघता आंबून खाली बसतं. घरी ब्रेड करणाऱ्या कुणालाही विचारा, निम्मं बोलणं त्याबद्दलच असतं. या बाईंचा ब्रेड मात्र उन्हाळा-हिवाळा सारखाच. कधी दाट झाला नाही, कधी जास्त आंबट झाला नाही, कधी "आज जमलं नाही, उद्या देते" असा निरोप आला नाही. सध्या मी जिच्याकडून घेते ती आठवड्याआड काहीतरी रडगाणं गाते, आणि मला ते ऐकून बरं वाटतं.

लोफची तऱ्हा वेगळीच होती. रोल्स संध्याकाळपर्यंत कडक व्हायचे, कारण दोनदा भाजलेला ब्रेड लवकर शिळावतो. लोफ मात्र आठवडा उलटला तरी लुसलुशीत, आणि दमट हवेतही बुरशीचा ठिपका नाही. खऱ्या सावरडोला, म्हणजे स्टार्टरवर आंबवलेल्या ब्रेडला, त्यातल्या आम्लामुळे बुरशी जरा उशिरा धरते हे मान्य. पण तो इतका मऊ राहत नाही. इतके दिवस मऊ आणि स्वच्छ राहणाऱ्या ब्रेडमध्ये सहसा मऊपणा टिकवणारे घटक आणि कॅल्शियम प्रोपिओनेट असतं, लेबलवर ज्याचा क्रमांक 282 छापतात. ते बुरशीला रोखतं आणि यीस्टला फारसा त्रास देत नाही, म्हणूनच ब्रेडमध्ये ते चालतं. ते काही विष नाही, ठरलेल्या प्रमाणात त्याला परवानगी असते. पण "काहीही न घालता केलेला" म्हणून पैसे घेतलेल्या ब्रेडमध्ये ते कशाला?

रंगही तसाच. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी कोंड्यासकट गव्हाचं खायला सांगितलं होतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. लोफ छान तपकिरी असायचा. पण कापलेल्या तुकड्याकडे उजेडात पाहिलं तर कोंड्याचे कण कुठे दिसतच नव्हते, रंग सगळीकडे एकसारखा पसरलेला. शंभर टक्के गव्हाच्या ब्रेडमध्ये कोंडा दिसतो, आणि तो फुगण्याच्या आड येतो, त्यामुळे लोफ जड होतो. मैद्यात कॅरमेल रंग घातला तरी ब्रेड तपकिरी होतोच आणि हलकाही राहतो. त्याचा क्रमांक 150.

पण या सगळ्या गोष्टींवर त्यांच्याकडे काही ना काही उत्तर होतं. एकाच गोष्टीवर नव्हतं: वजनावर. एकदा सहज लोफ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. बरोबर चारशे ग्रॅम. पुढच्या वेळी पुन्हा चारशे. आता त्यांचाच हिशोब धरा. अर्धा किलो पिठात घट्ट मळायचं म्हटलं तरी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पाणी जातं, वर मीठ. म्हणजे कच्चा गोळा आठशे ग्रॅमच्या पुढे. भाजताना वाफ जाऊन दहा-पंधरा टक्के वजन घटतं. तरी सातशेच्या आसपास लोफ निघायला हवा. पीठच पाचशे ग्रॅम, आणि ब्रेड चारशे ग्रॅमचा? राहिलेलं पीठ गेलं कुठे? चारशे ग्रॅम हे वजन कुठे भेटतं हे सांगायला नको, दुकानातल्या कापलेल्या ब्रेडचं पाकीट उलटून बघा.

मग मी त्यांची जुनी स्टेटस चाळली. "आज चाळीस लोफ रवाना!" घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी दोन लोफ बसतात, भाजायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. वीस घाण्यांना झाले पंधरा तास, आणि तेही ओव्हन एक मिनिट रिकामा न ठेवता. रोल्स वेगळेच. फोन केला.

"अहो, एका रात्रीत चाळीस लोफ कसे काढता?"

"ताई, माझ्या बहिणीकडेपण ओव्हन आहे ना."

"तरी सात-आठ तास होतात. पहाटे उठून भाजता म्हणालात."

"तुम्हाला पटत नसेल तर घेऊ नका. माझ्याकडे वेटिंग आहे."

मी वजनाचा विषय काढला तर गळा भरून आला. एकट्या बाईने धंदा केलेला लोकांना बघवत नाही, वगैरे. हे वाक्य ऐकल्यावर आपण गप्प बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसले नाही, चमचाभर स्टार्टर मागितला.

ही मागणी मुद्दाम होती. स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी, त्यात पिठातले आणि हवेतले रानटी यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू वाढलेले. विरजणासारखं, थोडं राखून ठेवायचं आणि त्यात नवं घालत राहायचं. प्रत्येक वेळी नवं पीठ घालण्याआधी जुनं बरंचसं काढून टाकावं लागतं, नाहीतर बरणी पुरत नाही. त्यामुळे स्टार्टर पाळणारी माणसं तो लोकांच्या गळ्यात मारायला टपलेली असतात. या बाई मात्र "ते आमचं गुपित आहे" म्हणाल्या. मी लावून धरलं, तेव्हा बऱ्याच दिवसांनी एक छोटी बरणी आली. झाकण उघडलं तर नाकाला झोंबणारा व्हिनेगरचा वास. मी रोज पीठ-पाणी घालत गेले. दोन-तीनदा घातल्यावर आंबट वास गायब, उरला तो नुसता यीस्टचा. खऱ्या स्टार्टरमधला आंबटपणा जिवाणू बनवतात. नवं पीठ घातलं की काही तासांत तो परत येतो. वरून ओतलेला परत येत नाही.

इतकं होऊनही कुणी म्हणालं असतं की हा सगळा तर्क आहे. पण नंतर एका मैत्रिणीकडे डिलिव्हरीच्या मुलाने चुकून न उघडलेली मूळ पिशवीच दिली. थंडगार, बाहेरून दव धरलेली. आत आमचेच रोल्स, फिकट पांढरे, तीच चीर, तेच ठिपके. पिशवीवर छापलेलं: अर्धवट भाजलेले, उणे 18 अंशांवर ठेवा, ओव्हनमध्ये भाजून खा. घटकांच्या यादीत मैदा, यीस्ट, सोया, दुधाची पावडर. गव्हाचं कोंड्यासकट पीठ कुठेच नाही.

पैसे गेले ते गेले, मला जास्त संताप आला तो या पिशवीचा. बाई ती फाडून फेकून देत होत्या आणि वर सुतळी बांधलेला तपकिरी कागद गुंडाळत होत्या. म्हणजे घटकांची यादी गेली, बनवल्याची तारीख गेली, बॅच नंबर गेला. कुणाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, कुणाला सोया चालत नाही; त्यांनी विचारलं की उत्तर यायचं, "ताई, फक्त पीठ, पाणी, मीठ."

आणि याच बाई ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे चिवट प्रथिन नसलेले, बनही विकत होत्या. आमच्यातल्या एकीच्या मुलाला सीलिअ‍ॅक आहे. या आजारात ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते, म्हणून अशा मुलाला ग्लूटेनचा कण चालत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ग्लूटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये. ज्या स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ मळलं जातं तिथे हे सांभाळायला भांडी, ट्रे, ओट्याची जागा, सगळं वेगळं लागतं. तिने बन तोडून पाहिला तर तुटायच्या आधी तो ताणला जाऊन लांबला. ग्लूटेन नसलेला बन सहसा असा ताणला जात नाही, त्याचा भुगा होतो. तिने तो मुलाच्या ताटात वाढला नाही, म्हणून थोडक्यात निभावलं. तिने विचारल्यावर बाईंनी तिचा नंबर ब्लॉक केला.

आता कुणाकडून घ्यायचं झालं तर मी काय करते ते सांगते. सर्टिफिकेट, सुंदर फोटो, मळतानाचे व्हिडिओ यांना मी किंमत देत नाही. या बाईंच्या व्हिडिओतले हातसुद्धा दर वेळी वेगळे असायचे. मी विचारते की मागच्या वेळी काय बिघडलं. खरी करणारी बाई यावर दहा मिनिटं बोलते. एका वेळी किती लोफ भाजता हे विचारते आणि मनातल्या मनात भागाकार करते. पहिला लोफ घरी आला की वजन करते. महिन्याचे पैसे आगाऊ देत नाही. फार तर पुढच्या एका खेपेचे. अ‍ॅलर्जीचा प्रश्न असेल तर उत्तर लेखी मागते, फोनवर नाही. प्रामाणिक माणसाला यातल्या कशाचाही राग येत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हणून खूश होतात.

आमच्या पैशांपैकी काही जणींचे परत आले, ज्या फोनवर जोरात बोलल्या त्यांचे. माझे आणि आणखी चार-पाच जणींचे अडकले आहेत. अन्नसुरक्षा खात्याकडे आणि ग्राहक आयोगाकडे एकत्र तक्रार करायची ठरलं आहे, अर्ज तयार होतोय. ज्यांनी त्यांच्याकडून घेतलं असेल त्यांनी पैसे पाठवल्याची नोंद आणि "शंभर टक्के गहू", "फक्त पीठ, पाणी, मीठ" असे जे मेसेज आले असतील ते जपून ठेवा. बाई आता जुने मेसेज दोन्हीकडून उडवत आहेत, त्यामुळे आजच स्क्रीनशॉट काढा. आणि पिशवीचा फोटो ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांनी तो डिलीट करू नका. बॅच नंबर त्यातच दिसतो.