अ‍ॅव्हो मॉडेल ८: सात-आठ महिने वापरल्यानंतर

वागळे इस्टेटमधल्या एका बंद झालेल्या वर्कशॉपच्या भंगारातून हा अ‍ॅव्हो म्हणजे करंट, व्होल्ट आणि ओहम मोजणारा काट्याचा जुना मल्टिमीटर घेतला, त्याला आता अख्खा पावसाळा धरून सात-आठ महिने झाले. घरी सान्वाचा वायएक्स-३६० हा काट्याचाच मीटर आणि एक साधा डिजिटल आधीपासून होताच. जुने अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ दुरुस्त करतो त्यामुळे तिन्ही रोज हातात असतात, आणि माझं मत पक्कं झालंय की काट्याचा चांगला मीटर शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही, तो टेबलावरच पाहिजे.

आधी त्याची कुंडली काढली. ब्रिटिश पोस्ट ऑफिसातल्या डोनाल्ड मॅकाडी नावाच्या इंजिनियरला अ‍ॅम्पिअर, व्होल्ट आणि ओहमसाठी वेगवेगळे मीटर घेऊन फिरायचा कंटाळा आला, त्याने तिन्ही एकात बसवले आणि १९२३ मध्ये पहिला अ‍ॅव्होमीटर बाजारात आला. मॉडेल ८ आलं १९५१ ला आणि सुधारणा होत होत थेट २००८ पर्यंत बनत राहिलं! जुन्या मॉडेल ८ वर सिरियल नंबरचे शेवटचे तीन-चार आकडे बघा, ते महिना आणि वर्ष असतात, म्हणजे १०५९ असेल तर ऑक्टोबर १९५९.

आता वापराचं. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) खरखरतोय म्हणून चेक करायचाय, ओहम रेंजला प्रोब लावले आणि पॉट हळूहळू फिरवला की काटा मऊसूत सरकत जातो आणि जिथे ट्रॅक झिजलाय तिथे नेमका गचकन झटका देऊन परत येतो, डिजिटलवर तेव्हा नुसते आकडे नाचतात आणि काही कळत नाही. कॅपॅसिटरचंही तेच, काटा उसळून सावकाश परत आला तर बरा, मध्येच अडकून राहिला तर लीक आहे. फक्त ओहम रेंजला काळ्या प्रोबवर प्लस येतो, सान्वातही तसंच, डायोड तपासताना हे डोक्यात पाहिजे.

पण आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. याची सेन्सिटिव्हिटी डीसीला २०,००० ओहम प्रति व्होल्ट, म्हणजे १० व्होल्टच्या रेंजला मीटर स्वतःच २०० किलोओहमचा लोड. १२ व्होल्टवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, मध्ये ६ व्होल्ट यायला पाहिजेत, काटा ४.८ दाखवतो, डिजिटल जवळपास ६. मीटर बिघडलेला नाही, त्याने सर्किटच खाली ओढलं. हाच लोड घरातल्या वायरिंगमध्ये मात्र उपयोगी पडतो कारण शेजारच्या वायरमुळे बंद वायरवर डिजिटलला जे खोटे ६०-७० व्होल्ट दिसतात ते इथे बहुतेक गायबच होतात.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कटआउट. चुकीच्या रेंजला जास्त करंट आला की काटा शेवटी आपटतो आणि टक् करून बटण वर उडतं, सर्किट तुटतं, दाबलं की परत चालू. पण म्हणून याला मेन्सच्या पॅनेलवर म्हणजे डीबीवर नेऊ नका. त्या काळात कॅट रेटिंग (मीटर कुठल्या मेन्स जोडणीवर सुरक्षित आहे ते सांगणारी श्रेणी) वगैरे नव्हतं, २३० व्होल्टच्या डीबीसाठी आजचा रेटिंगवाला मीटरच घ्या, यात अजिबात तडजोड नको.

त्रास म्हणाल तर दोन. १५ व्होल्टची छोटी बॅटरी आपल्याकडे सहज मिळत नाही, मी रिमोटमधल्या १२ व्होल्टच्या सेलला दीड व्होल्टचे दोन बटण सेल जोडून काम भागवतो. दुसरं ठाण्याची हवा, खाडीजवळ राहत असाल तर पावसाळ्यात सिलेक्टरचे (रेंज निवडायच्या नॉबचे) कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि रीडिंग हलायला लागतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब सगळ्या रेंजमधून भरपूर फिरवला की सुधारतं. डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो. आतलं मॅग्नेट मात्र उघडून काढायचं नाही, पोल पीसपासून (त्याला लागून असलेल्या लोखंडी तुकड्यांपासून) वेगळं केलं की ताकद कमी होते आणि मग मीटर सगळीकडे कमीच दाखवतो.

घेताना मी काय बघतो: मीटर आडवा, उभा आणि कुशीवर धरायचा, काटा झिरोपासून फार हलला तर बॅलन्स गेलाय. मग झिरो अ‍ॅडजस्ट करून काटा पूर्ण स्केलभर हळू न्यायचा, एकाच जागी अडखळला तर मॅग्नेटच्या गॅपमध्ये लोखंडाचा कीस असू शकतो. आणि बॅटरीचा कप्पा उघडून बघायचाच, जुना सेल तिथेच फुटून टर्मिनल खाल्लेले असतील तर किंमत पाडून मागा. तुर्भे-महापे बाजूला कंपन्यांचं जुनं सामान निघतं त्यात असे मीटर अजून मिळतात, भंगारवाला फोन करतो तेव्हा मी आधी सिरियल नंबरचा आणि बॅटरीच्या कप्प्याचा फोटो मागवतो, मगच निघतो.