खुर्ची तीच, पोरं नवी: रटगर्सच्या सीझन तिकिटाचा हिशेब

२०२४-२५ च्या हंगामासाठी मी रटगर्सच्या, म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या, पुरुष बास्केटबॉलची तीन सीझन तिकिटं काढली होती. एक माझं, एक नवऱ्याचं, एक आमच्या लेकीचं, सईचं. नवरा दुसऱ्याच मॅचला हाफटाइमच्या आधी पेंगायला लागला, तेव्हा ती खुर्ची अप्पांकडे गेली. अप्पा म्हणजे माझे सासरे. आम्ही नको नको म्हणत असताना ऐन थंडीच्या तोंडावर इचलकरंजीहून आलेले. आता एडिसनमधल्या तिघीचौघी "घेऊ का गं यंदा?" म्हणून विचारतायत. प्रत्येकीला फोनवर तेच दळण दळण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी जागेबद्दल, कारण तिथे माझी काहीच तक्रार नाही. जर्सी माइक्स अरीना पिस्कॅटवेला, लिव्हिंग्स्टन कॅम्पसवर आहे. १९७७ ची इमारत. बाहेरून बघितलं तर एखादा अवाढव्य पांढरा तंबू जमिनीत अर्धा रुतून बसल्यासारखी दिसते. जर्सी माइक्स या सँडविचवाल्यांचं नाव लागलं २०२१ मध्ये, जुनी माणसं अजून "रॅक"च (रटगर्स ॲथलेटिक सेंटर) म्हणतात. माणसं मावतात आठ हजार, पण छप्पर असं तिरकं उतरलंय की आवाजाला बाहेर पळायला वाटच नाही. एका बाजूने "आर!" आणि समोरून "यू!" सुरू झालं की अप्पा कानाचं यंत्र काढून खिशात ठेवायचे. वरच्या रांगेतूनही खेळाडूंच्या बुटांची करकर ऐकू येते. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला जाऊन पैसे उडवलेल्या माणसाला विचारा, तिथे असं होतं का.

शिवाय या कॅम्पसशी माझं जुनं नातं आहे. २००४ मध्ये एमएसला आले तेव्हा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, कॅम्पसवरच, आठवड्याला २० तास काम. मेसमध्ये ट्रे विसळायचे, मग रात्रीची एलएक्स बस पकडून खोलीवर. त्यामुळे कॉलेजात शिकता शिकता कुणी पैसे मिळवले तर माझ्या पोटात दुखत नाही, हे आधीच सांगून ठेवते. खाली जे कुरकुरणार आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

पहिल्या मॅचला अप्पांनी विचारलं, "ही समदी कॉलेजची पोरं?"

"हो, अप्पा."

"आन् पगार घेत्यात?"

"पगार नाही म्हणत त्याला. एनआयएल म्हणतात. आपलं नाव, आपला चेहरा जाहिरातीला विकायचा हक्क."

अप्पा जरा वेळ कोर्टकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे खुराक."

तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, त्यांना ते लगेच कळलं. पैलवानाला दूध, तूप, बदाम कुणीतरी पुरवावं लागतं, नाहीतर तो लढणार कशावर? मी त्यांना बेगलची गोष्ट सांगितली. एनसीएए ही इथल्या कॉलेज खेळांची मालकीण संस्था. तिच्या जुन्या नियमात कॉलेजने खेळाडूला मधल्या वेळी फळं, सुकामेवा आणि बेगल (कड्यासारखा गोल पाव) दिलेला चालायचा. पण बेगलवर क्रीम चीज लावलं की त्याचं "जेवण" व्हायचं, आणि जादा जेवण म्हणजे नियमभंग. २०१४ मध्ये कनेक्टिकटला विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियरने, काही रात्री आपण उपाशी झोपतो, असं पत्रकारांना सांगून टाकलं. त्याच महिन्यात एनसीएएने जेवणावरची बंधनं उठवायचं ठरवलं. टीव्हीचे करार अब्जावधींचे, प्रशिक्षकांना लाखो डॉलर, आणि ज्याच्या घामावर हे चाललंय त्याच्या बेगलवर पहारा! अप्पांनी यावर जी शिवी हासडली ती इथे लिहिता येणार नाही. सईला तिचा अर्थ मी "असं नको होतं" असा सांगितला.

पुढचं थोडक्यात. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना नाव-चेहरा विकायची मुभा मिळाली. कागदावर हे जाहिरातींपुरतं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक कॉलेजच्या हौशी श्रीमंतांनी "कलेक्टिव्ह" काढले, म्हणजे सरळ वर्गणी गोळा करून पोरांना वाटणारी मंडळं. गणपतीची पावती फाडतात तशी. सीझन तिकीट घेतलं की आपला ईमेल पत्ता कसा कोण जाणे कुठे कुठे पोचतो, आणि मग दर पंधरा दिवसांनी वर्गणीची हाक येते. मी एकदाही दिली नाही. आमच्या कॉलनीतली गणपतीची देते.

आता खेळाबद्दल. त्या वर्षी रटगर्सकडे डिलन हार्पर आणि एस बेली हे दोघे होते. हार्पर इथलाच, न्यू जर्सीचा. त्याचे वडील रॉन हार्पर एनबीए या व्यावसायिक लीगची पाच विजेतेपदं घेतलेले, आणि थोरला भाऊ रॉन ज्युनियर आमच्याच रटगर्सचा. त्या भावाने डिसेंबर २०२१ मध्ये याच इमारतीत, मैदानाच्या जवळजवळ मधून चेंडू फेकून, देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या पर्ड्यूला हरवलं होतं. बेली जॉर्जियाहून आलेला.

१४ डिसेंबर, शनिवार. सीटन हॉलविरुद्धची मॅच, म्हणजे आमच्या राज्यातलं घरचं भांडण. ६३-६३. शेवटचा ताबा आमचा, हातात चेंडू घेऊन हार्पर. अप्पा उभे, सई खुर्चीवर उभी, माझ्या हातातल्या नाचोजचं चीज पुढच्या काकूंच्या कोटावर (त्यांना ते अजून माहीत नसावं). हार्परने दोनदा चेंडू आपटला, अंगावरच्या पोराला अर्धं पाऊल मागे ढकललं, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडी मारून सोडला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. मग जाळी हलली. ६६-६३. तो आवाज मी सांगू शकत नाही. अप्पांनी शेजारच्या अनोळखी, दाढीवाल्या, दोनशे पौंडाच्या माणसाला कडकडून मिठी मारली आणि त्याने अप्पांना उचललं.

त्या एका क्षणावर तिकिटाचे निम्मे पैसे वसूल, हे मी आजही म्हणते.

पण घरी येताना सईने जे सांगितलं त्याने जरा विचारात पाडलं. समोरचा सीटन हॉल हा आदल्या हंगामात, २०२४ च्या वसंतात, एनआयटी ही देशातली दुसऱ्या फळीची स्पर्धा जिंकलेला संघ. मग जिंकलेली पोरं गेली कुठे? मोठ्या रकमेकडे. त्यांचा म्होरक्या कदारी रिचमंड नदीपलीकडे क्वीन्सला, सेंट जॉन्समध्ये गेला. तिथे रिक पिटिनो प्रशिक्षक आणि पाठीशी एक अब्जाधीश माजी विद्यार्थी. सेंट जॉन्सने त्या वर्षी बिग ईस्ट, म्हणजे या दोन्ही कॉलेजांचा गट, जिंकला. सीटन हॉलने ७ मॅच जिंकल्या आणि २५ हरल्या. म्हणजे मी ज्यांच्यावरच्या विजयाने घसा बसवला, ते एक रिकामं केलेलं घर होतं. त्यांचे प्रशिक्षक शाहीन हॉलोवे यांना हे नवीन नसावं. २०२२ मध्ये जर्सी सिटीच्या चिमुकल्या सेंट पीटर्सला त्यांनीच केंटकीला हरवून मार्च मॅडनेसमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत, थेट शेवटच्या आठात नेलं होतं. त्यानंतर काही दिवसांत ते स्वतः सीटन हॉलला आणि त्यांची बहुतेक पोरं चार दिशांना. जर्नल स्क्वेअरला भाजी आणायला जाता तेव्हा त्या कॉलेजवरूनच जाता तुम्ही.

आमचंही तसंच. क्लिफ ओमोरुयी, उंचापुरा नायजेरियन मुलगा, चार वर्षं आमच्याकडे होता. पहिल्या वर्षी फ्री थ्रो टाकताना त्याचे खांदे कसे आखडायचे आणि चौथ्या वर्षापर्यंत ते कसे सैल झाले, हे मी टीव्हीवर बघितलंय. पाचव्या वर्षी तो अलाबामाला गेला. नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला एक नवीन स्पर्धा झाली, आठ संघ, प्रत्येक संघाच्या खेळाडूंसाठी किमान १० लाख डॉलर एनआयएल. तिथे आमची गाठ नेमकी अलाबामाशी. हार्परने ३७ गुण केले तरी ९५-९० अशी हरलो. टीव्हीवर क्लिफ समोरच्या बाजूने. सई म्हणाली, "आई, आता याला बू करायचं का?" मला सांगता येईना.

आणि पैशाने मॅच जिंकता येतात म्हणावं, तर तेही नाही. हार्पर जून २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (तिथे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) दुसरा निवडला गेला, बेली पाचवा. देशातल्या पहिल्या पाचातले दोघे एका छपराखाली, आणि रटगर्सचा हिशेब: १५ जिंकल्या, १७ हरल्या. मार्च मॅडनेसचं तोंडही बघितलं नाही. केनेसॉ स्टेटकडून हरलो. प्रिन्स्टनकडून ८३-८२ असं हरलो. प्रिन्स्टन आयव्ही लीगमधलं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा देत नाहीत. आम्हाला त्या दिवशी नाचवणारा त्यांचा झेव्हियन ली पुढच्या हंगामाला फ्लोरिडात. दोन हिरे आणि बाकी पाच मिनिटांपूर्वी ओळख झाल्यासारखी खेळणारी माणसं, असं ते दिसायचं. बचावात एकजण सरकला की दुसऱ्याने त्याची जागा झाकायची असते. ती सवय हिवाळाभर एकत्र राहून लागत नाही, दोन-तीन हिवाळे लागतात.

हाच माझा मुद्दा. पोरांना पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. उलट पर्ड्यूच्या झॅक इडीचं मला वाईट वाटायचं. सात फूट चार इंच, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू, पण कॅनडाचा, म्हणून एफ-१ व्हिसावर, म्हणून अमेरिकेत राहून इतरांसारखी जाहिरात करता येईना. बाकीचे कमावतायत आणि हा इमिग्रेशनच्या नियमात अडकलेला! आपल्यापैकी कुणाला हे समजावून सांगायला नको. केंटकीचा ऑस्कर शिब्वे, काँगोचा, त्याने संघ बहामाजला गेला असताना तिथे करार उरकून घेतले. हुशार पोरगा.

पण "सीझन तिकीट" म्हणून मी जे विकत घेतलं असं मला वाटत होतं, ते दुसरंच निघालं. आधी खुर्ची घेतली की तिच्याबरोबर एक ओळख मिळायची. हा पहिल्या वर्षाला बुजरा होता, याचा गुडघा दुखावला होता, याची आई तिसऱ्या रांगेत बसते. २०२४ मध्ये कॉलेज बदलण्यावरचं उरलंसुरलं बंधनही गेलं, अभ्यास ठीक असला की दरवर्षी नवीन कॉलेज आणि लगेच मैदानात. त्यात जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. आता कॉलेजं स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. त्यातला मोठा घास फुटबॉलचा. पगार आला, पण पगाराबरोबर येतो तसा दोन-तीन वर्षांचा पक्का बॉण्ड काही दिसत नाही. नोकरीतले सगळे फायदे, नोटीस पीरियड सोडून. आमच्या ऑफिसात असं चाललं असतं तर मी स्वतः तीन कंपन्या बदलल्या असत्या, हे कबूल करते.

तर तारे: पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा फक्त अप्पांच्या मिठीचा.

यंदा मी सीझन तिकीट घेतलेलं नाही. चार-पाच मॅच निवडून घेणार, शनिवार दुपारच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेची घाई नाही. घेणार असाल तर थेट अरीनाच्या खिडकीवरून किंवा त्यांच्या साइटवरून घ्या. मी जानेवारीत एका पुनर्विक्रीच्या ॲपवर सासूबाईंच्या भाचीसाठी जादा तिकीट घेतलं. ४८ डॉलर दिसत होते, शेवटच्या पानावर ६३ झाले, आणि दारावर कोड उघडेना म्हणून ती बिचारी वीस मिनिटं थंडीत. विद्यार्थ्यांच्या शेजारच्या खुर्च्या ज्येष्ठांसाठी घेऊ नका, ते पूर्ण वेळ उभे असतात. पार्किंगसाठी अर्धा तास आधी पोचा. जेवण एडिसनच्या ओक ट्री रोडवर उरकून जा, आतला पिझ्झा खाण्यालायक नाही असं नाही, पण भुकेलाच खावा.

आणि पोरांसाठी जर्सी घेऊ नका. सईने हट्टाने हार्परचा २ नंबर घेतला होता. हार्पर आता सॅन अँटोनिओत. जर्सी मार्चअखेर अप्पांच्या बॅगेतून इचलकरंजीला गेली, सकाळी फिरायला जाताना स्वेटरवर घालतात. परवा व्हिडिओ कॉलवर विचारत होते, "आपला दोन नंबर कुठं असतो सध्या?"

"टेक्सासला, अप्पा."

"बढती का बदली?"

"बढती."

"मग ठीक हाय. आन् त्याच्या जागी कोण आलंय?"

सईने फोन घेतला आणि नवीन नावं वाचून दाखवायला लागली.