डिशवॉशरचं 'नुसतं विसळा' बटण: आठ महिन्यांचा अनुभव

डिशवॉशर घेतला तेव्हा त्याच्या सहा प्रोग्रॅमपैकी एकाला मी चक्क हसले होते. प्री-रिन्स. 15 मिनिटं, गार पाणी, साबण नाही. म्हणजे मशीननं भांडी नुसती विसळायची आणि तशीच ओली आत ठेवायची. अहो, त्यासाठी नळ आहे की घरात! पहिले दोन महिने त्या बटणाला मी हातही लावला नाही.

आम्ही घरात तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. मशीन 13 सेटचं, म्हणजे तेरा जणांच्या जेवणाची भांडी मावणारं. आठवड्यातले पाच दिवस आमचे दोघांचे डबे ऑफिसात, त्यामुळे एका दिवसात मशीन काही भरत नाही. दीड दिवस, कधी दोन. आणि अर्धं मशीन लावायला माझा हात होत नाही. मग खरकटी भांडी आत बंद. सोमवारी रात्रीच्या वरणाच्या वाट्या बुधवारी सकाळी धुवायला लागणार. एप्रिलमध्ये पुण्याच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी दार उघडलं की जो आंबूस भपकारा यायचा, तो लिहिण्यापलीकडचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खरकटं रात्रभर ठेवू नये म्हणतात ते उगीच नाही. ह्या कपाटात तर तू दोन रात्री ठेवतेस." शिवाय एक दिवस दाराच्या रबराशी झुरळाचं पिल्लू दिसलं. तेव्हा ते बटण आठवलं.

आधी पाणी मोजलं. रीतसर बादलीत. आमच्या मशीनचा सांडपाण्याचा पाइप सिंकमध्येच सोडलेला आहे, त्याखाली लिटरच्या खुणा असलेली बादली धरून बसले. चार लिटरला थोडं कमी. मॅन्युअलमध्ये पूर्ण इको (पाणी-वीज वाचवणाऱ्या) प्रोग्रॅमला साधारण 10 लिटर लिहिलंय. म्हणजे रोज दोनदा विसळलं तर जवळजवळ एका धुण्याचं पाणी तिथेच गेलं, हे लक्षात ठेवावं लागतं. विजेचं मात्र फारसं काही नाही. हीटर चालत नाही, फक्त पंप फिरतो.

मग तीच भांडी नळाखाली विसळून पाहिली, तीही बादलीवर. सहा ताटं, आठ वाट्या, चार पेले, डाव, पळी. नेहमीच्या हातानं, नळ सोडून. बादली भरून वाहायला लागली आणि अजून पेले बाकी होते. तेव्हापासून 'नळ आहे की' हे वाक्य मी मागे घेतलंय. पाच-सहा भांडी असतील तर नळ बरा. त्याहून जास्त असतील तर मशीन.

आता कशाला उपयोग होतो आणि कशाला नाही. दुधाला सगळ्यात जास्त. चहाचे कप, दुधाचे पेले, अंड्याची ताटली, दह्याची वाटी. ह्यांना आधी गारच पाणी हवं. गरम पाण्यानं दूध-अंडं आणखी चिकटून बसतं, हे आई दुधाच्या पातेल्यावरून लहानपणीच ओरडून शिकवायची. मशीनचं हे गार विसळणं इथे अचूक बसतं. वरण, आमटी, ताक, सार, तेही उत्तम निघतं. भात अर्धामुर्धा.

कणकेच्या परातीला काडीचा उपयोग नाही. वाळलेली कणीक गार पाण्याच्या फवाऱ्याला जुमानत नाही, तिला भिजतच पडायला लागतं. पिठल्याच्या कढईचंही तेच. खरवड तशीच, वर फक्त चकाकी. आणि तूप! डिसेंबरात पुरणपोळ्या केल्या त्या रात्री तुपाच्या वाट्या घालून विसळायला लावलं. सकाळी फिल्टर काढला तर जाळीवर तुपाचे पांढरे कण साबुदाण्यासारखे थिजलेले. वर कटाच्या आमटीच्या तर्रीचा पातळ नारिंगी तवंग पेल्यांवर. गार पाण्यात तेल-तूप निघत नाही, फक्त एका भांड्यावरून दुसऱ्यावर जातं. त्या दिवसापासून तुपातेलाची भांडी असली की आधी कागदानं पुसते, आणि विसळायला लावतच नाही.

फिल्टरवरून आठवलं. विसळलेली सगळी घाण तिथेच येऊन बसते: भाताची शितं, कढीपत्ता, मोहरी. म्हणून नियमित विसळत असाल तर फिल्टर आठवड्यातून दोनदा तरी काढून नळाखाली धरा. आणि परत बसवताना शेवटपर्यंत फिरवून घट्ट बसवा. मी एकदा घाईत तो तिरका ठेवला आणि मोहरी थेट पाणी फवारणाऱ्या फिरत्या पात्याच्या भोकांत. वरच्या कप्प्यातली भांडी तीन दिवस नीट का निघत नाहीत, ते कळेना. दात कोरायच्या काडीनं एकेक मोहरी काढत बसले होते.

एक चूक सांगते, कारण ती मी बरेच दिवस केली. रात्री पूर्ण प्रोग्रॅम लावायच्या आधी 'अजून स्वच्छ निघतील' म्हणून विसळून घ्यायची. काही गरज नाही. पूर्ण प्रोग्रॅममध्ये सुरुवातीचं विसळणं बहुतेक असतंच, आणि साबणाच्या गोळीतली एन्झाइम्स, म्हणजे डाग तोडणारे घटक, पिठूळ आणि प्रथिनांच्या डागांवरच काम करतात. शिवाय आमच्या ऑटो प्रोग्रॅमला पाण्याचा गढूळपणा बघणारा सेन्सर आहे. आधी विसळलेली भांडी घातली की त्याला वाटतं, फार काही नाही, आणि तो हलकं धुऊन मोकळा होतो. कुकरच्या डब्याच्या काठावरची डाळ तशीच राहायची. तेव्हा लगेच धुणार असाल तर विसळू नका. थांबणार असाल तरच.

विसळताना गोळी घालू नका, हे वेगळं सांगायला नको होतं, पण नवऱ्यानं एकदा घातली होती.

त्याचीच आणखी एक गोष्ट. विसळलेली ताटं लांबून धुतल्यासारखीच दिसतात. एका सकाळी त्यानं सगळी काढली, पुसली आणि मांडणीत लावली. मदत म्हणून! पोहे वाढायला घेतलं तेव्हा ताटाला बोट लावलं तर बुळबुळीत. एकवीस भांडी परत आत. आता मशीनच्या दाराला एक चुंबकाचं कार्ड आहे, एका बाजूला 'घासलेली', दुसऱ्या बाजूला 'नुसती विसळलेली'. ते उलटायची जबाबदारी सासूबाईंनी स्वतःकडे घेतलीय. दुपारच्या चहाचे कप आत ठेवायचे, बटण दाबायचं, कार्ड उलटायचं आणि मालिकेला बसायचं.