गुलाबी मनोरा: लाकूड उत्तम, माप चुकलेलं

नातीसाठी गुलाबी मनोरा, म्हणजे माँटेसरी पद्धतीतलं ठोकळे रचायचं साधन, मागवला, त्याला दोन महिने झाले. बावीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे साधन ओळखीचं; ऑनलाइन मात्र पहिल्यांदाच घेतलं. दहा भरीव ठोकळे, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा, मग एकेक सेंटिमीटर कमी होत शेवटचा १ चा. किंमत २,४०० रुपये.

लाकूड चांगलं आहे. कडा गुळगुळीत, ओल्या फडक्यानेही रंग जात नाही. मोठा ठोकळा उचलायला नातीला दोन्ही हात लागतात. तसंच हवं, जड-हलकं हातालाच कळतं.

पण सातचा ठोकळा मापात नाही. मनोरा रचताना नात सात आणि आठची सारखी अदलाबदल करायची. तीन वर्षांची पोर, जमेल हळूहळू, म्हणून मी माप तपासलं नाही. चौथ्या दिवशी पट्टी लावली, तर सातचा भरला ७.६! विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, "लाकडाचं काम आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

इथे नाही चालत तसं. सगळ्यांचा रंग एक, आकार एक, फरक फक्त मापाचा. तो एवढ्यासाठीच, की चूक मुलाला आपल्या डोळ्यांनी दिसावी, मोठ्यांना "अगं, चुकलं" म्हणावंच लागू नये. माप फसलं की आपण मध्ये बोलतो, आणि मूल ठोकळ्याऐवजी आपल्या तोंडाकडे बघू लागतं. आमच्याकडे तेच झालं. प्रत्येक ठोकळा ठेवला की "बरोबर ना, आजी?" फार वाईट वाटलं मला.

साधन महागच हवं असं अजिबात नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ नंतर बोर्डी या गावी शिंपले, पानं, दगडगोटे घेऊन मुलांना शिकवलं. पण मनोरा म्हणून विकायचा, तर माप पाळायलाच हवं.

शेवटी ओळखीच्या सुताराकडून तो ठोकळा बरोबर सातचा करून घेतला. एका बाजूचा रंग गेला, जाऊ दे. त्या संध्याकाळी नातीने सतरंजी अंथरली, एकेक करत दहाही ठोकळे आणले. सगळे एका कोपऱ्याशी जुळवून रचले, की प्रत्येक ठोकळ्यावर एक सेंटिमीटरची पायरी सुटते. तिथे सर्वांत छोटा, १ चा ठोकळा ठेवून बघायचं मी तिला आधी एकदा दाखवलं होतं. आठच्या पायरीवर तो आता नेमका बसला. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, पुढच्या पायरीकडे गेली.

घेणार असाल तर खोकं उघडल्याबरोबर दहाही ठोकळ्यांना पट्टी लावा आणि परत करायची मुदत बघून ठेवा. आकडे छापलेले, रंगीबेरंगी संच घेऊ नका. पाचपैकी तीन तारे, तेही लाकडासाठी.