चुंबकवाला ‘जीपीएस’ आणि दीडशे पीएसआयचा पंप

बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्सचा, हंगाम जवळ आला की मोबाइलवर एक जाहिरात हमखास फिरताना दिसते. जीपीएस सायकल कॉम्प्युटर आणि चार्जिंगचा पंप, दोन्ही मिळून २,४९९ रुपये. छापील किंमत ९,९९९. पुण्यातल्या एका सायकलस्वाराने २०० किलोमीटरच्या राइडसाठी हा जोड मागवला. डबा दहा दिवस तसाच ठेवला आणि राइडच्या आदल्या रात्री फोडला. माल परत करायची मुदत सात दिवसांची होती. विकणाऱ्याला एवढंच हवं असतं.

कॉम्प्युटरच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘जीपीएस’ छापलेलं. आत काय निघालं? पडदा, गोल बटण सेल, चाकाच्या आऱ्याला लावायचं छोटं चुंबक, आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला) बांधायचा सेन्सर. चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक फेरी मोजली जाते, फेरीला चाकाच्या परिघाने गुणलं की अंतर निघतं. हे तंत्र खोटं नाही. ७००×२५ टायरला २१०५ मिलिमीटर आणि ७००×२८ ला २१३६ मिलिमीटर परीघ भरला तर अंतर उत्तम मोजलं जातं. पण अशा कॉम्प्युटरला रस्ता कळत नाही, ट्रॅक साठवता येत नाही, आणि बाजारात तो चार-पाचशे रुपयांना मिळतो. लबाडी त्या एका छापील शब्दात आहे.

ती डबा न फोडताही ओळखता येते. वर्णनात ‘सीआर २०३२ सेल, सहा महिने चालतो’ असं असेल तर आत जीपीएस असूच शकत नाही. त्या सेलची क्षमता साधारण २२० एमएएच. उपग्रहांचा सिग्नल घेणारी चिप सतत चालू ठेवली तर तो काही तासांतच संपेल. खऱ्या जीपीएस कॉम्प्युटरला चार्जिंगचं पोर्ट असतंच. डबा हातात आल्यावरची चाचणी त्याहून सोपी: सायकल घरातच उचलून धरा आणि चाक फिरवा. पडद्यावर वेग दिसला तर तो चाकाचा सेन्सर वाचतोय. मग यंत्र हातात घेऊन मोकळ्या मैदानात चाला. वेगळा सेन्सर न जोडता चालण्याचा वेग दिसला तरच ते जीपीएस. पहिल्यांदा उपग्रह सापडायला अर्धा मिनिट ते काही मिनिटं लागतात, कारण उपग्रह स्वतःच्या जागेची माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा पाठवतो. तेवढं थांबा, त्यावरून माल वाईट ठरवू नका.

यापेक्षा बेमालूम फसवणूक खऱ्या जीपीएसमध्ये होते. चिप असते, पण ‘बॅरोमीटर’ (हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर) लिहिलेलं असून नसतो. कशेडी किंवा खंबाटकी चढताना हे जाणवतं: चढाचे आकडे उड्या मारतात. तपासायला घाटात जायची गरज नाही. इमारतीचे चार मजले जिन्याने चढा. हवेचा दाब मोजणारं यंत्र दहा-बारा मीटरची वाढ मजल्यागणिक दाखवतं. निव्वळ उपग्रहांवर चालणारं जिन्यात सिग्नल तुटल्यामुळे भरकटतं किंवा गोठतं. ‘अँट प्लस’ (सेन्सर बिनतारी जोडायची एक पद्धत) लिहिलं असेल तर जुना हार्टरेट पट्टा किंवा पायडलच्या फेऱ्या मोजणारा केडन्स सेन्सर जोडून पाहा. नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या यंत्राला जुने अँट प्लस पट्टे दिसतच नाहीत.

आता पंप. डब्यावर ‘१५० पीएसआय, १२,००० एमएएच’, म्हणजे हवेचा दाब आणि बॅटरीची क्षमता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंप भरला १९० ग्रॅम, आणि तिथेच खोटेपणा उघडा पडला. अशा पंपांत बहुधा १८६५० मापाचे लिथियम सेल असतात. एका सेलचं वजन साधारण ४५ ग्रॅम, आणि चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास. म्हणजे १२,००० साठी निदान चार सेल लागणार, त्यांचंच वजन १८० ग्रॅम. मग मोटर, सिलिंडर, पिस्टन आणि कवच उरलेल्या दहा ग्रॅममध्ये बसवले की काय? आत दोनच सेल निघाले, प्रत्येकी १,५००चे, आणि तेही एकापुढे एक जोडलेले. तशा जोडणीत व्होल्टेज वाढतं, एमएएच वाढत नाही. पंप फोडून पाहण्याच्या फंदात मात्र पडू नका. लिथियम सेल चिरला तर पेट घेतो, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. काटा पुरेसा आहे.

दाबाचा आकडा तर थेट टायरवर बेततो. ७००×२८ टायरसाठी पंप ८० पीएसआयवर लावला, आणि तो आपोआप बंद झाला. वेगळ्या गेजवर दाब भरला ५८. गेज लावताना थोडी हवा निसटते, पण बावीस पीएसआय निसटत नाही. हलके पंप मोटर चालू असताना स्वतःच्या नळीतला दाब मोजतात. प्रेस्टा (रोड सायकलच्या बारीक) व्हॉल्व्हमधून हवा ढकलताना नळीतला दाब टायरपेक्षा जास्त असतो, म्हणून पडद्यावर ८० आले तरी टायर मऊच राहतो. अशा टायरने खड्डा घेतला की ट्यूब रिमच्या कडा आणि खड्ड्याची धार यांच्यात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दोष रस्त्याला दिला जातो, कारण पंपाने तर ८० दाखवलेले असतात. दुसरं पंक्चर होईपर्यंत पंप तापून बंदही पडलेला असतो. धातूचं नोझल त्या वेळी इतकं गरम होतं की प्लास्टिकच्या व्हॉल्व्हच्या हलक्या टीपीयू (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूबला ते थेट लावू नये. मध्ये आखूड नळी हवी.

पंप घ्यायचाच तर घरी उभा पंप आणि सोबत हातपंप, हीच जोडी आम्ही सुचवू. उभ्या पंपाचं नळकांडं बारीक असेल तर जास्त दाब चढवायला सोपं जातं; एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) जाड टायरला रुंद नळकांड्याचा बरा. गेजची कमाल १६० असेल तर ३० पीएसआयवर त्याच्या काट्यावर विसंबू नका. प्रेस्टा व्हॉल्व्हला साधा पंप लावायचं सोबतचं पितळी अडॅप्टर आतून पाहा. त्यात रबरी रिंग नसली तर दाब वाढला की हवा फुसफुसत राहते आणि दोष व्हॉल्व्हवर ढकलला जातो.

इथेच आणखी एक लहानशी, पण रोजची लूट होते. उभा पंप वर-खाली होतो पण हवा जात नाही, म्हणून दुकानात नेला की ‘पंप गेला, नवा घ्या’ असं सांगतात. बहुतेक वेळा आतला वायसर वाळलेला असतो. वरचं झाकण फिरवून दांडा बाहेर काढा. चामड्याचा वायसर असेल तर त्याला तेलाचे चार थेंब द्या, रात्रभर मुरू द्या आणि कडा बोटाने बाहेर पसरवा. रबरी रिंग असेल तर फक्त सिलिकॉन ग्रीस. साध्या ग्रीसने काही रबरं फुगतात. हवा तोंडाशी गळत असेल तर तिथला रबरी बोळा झिजलेला असतो, आणि तेवढाच बदलून मिळतो.

जुना जीपीएस घेताना पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. विकणाऱ्याला त्याच्या अ‍ॅपवरच्या खात्यातून यंत्र तुमच्यासमोर काढायला सांगा आणि लगेच आपल्या फोनला जोडा. तो टाळाटाळ करत असेल तर माल चोरीचा असण्याची शंका रास्त आहे. मग पूर्ण चार्ज करून, पडद्याचा दिवा बंद ठेवून तासभर ट्रॅक नोंदवा. गार्मिन एज ५३० नवा असताना २० तासांचा, म्हणजे तासाला पाचेक टक्के. दहा-बारा टक्के उतरले तर बॅटरी निम्मी संपलीय. भावही त्याच हिशेबाने करा. चार्जिंगच्या पोर्टवरचं रबरी झाकण फाटलेलं असेल तर पावसात ते यंत्र टिकणार नाही.

तो जोड परत गेलाच नाही. विकणाऱ्याचं उत्तर येईना, म्हणून त्या सायकलस्वाराने इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधला. तिकडून परताव्याची लिंक आली आणि यूपीआय पिन मागितला गेला. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. तो टाकला असता तर खातं रिकामं झालं असतं. सुदैवाने फोन वेळीच ठेवला. असे पैसे गेलेच तर लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, तासाभराच्या उशिरानेही रक्कम पुढे निघून जाते. खोट्या मालासाठी आधी त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सोबत हवं ते इतकंच: पार्सलवरचं लेबल दिसेल असा, न थांबवता काढलेला डबा उघडतानाचा व्हिडिओ, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि काट्यावर ठेवलेल्या पंपाचा फोटो. हे सगळं पार्सल आलं त्याच दिवशी.